नो फंक्शनल चेंज

तर झालं असं की, दिवाळीची सुट्टी संपवून ऑफिसात परत आलो आणि पहिल्याच दिवशी आमच्या लीडनं बोलावून सांगितलं, "पुढचे सहा आठवडे तू साफसफाई करायचीस."

दिवाळीच्या आधी नाही, दिवाळी संपल्यावर!

संध्याकाळी आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "घरी कधी माळ्यावर चढला नाहीस, आणि तिथे पगार घेऊन साफसफाई करतोस?" म्हटलं, अगं, कोडची साफसफाई. त्यावर ती म्हणाली, "तेच ते. जुनं काही टाकायच्या आधी विचारून टाक म्हणजे झालं." मी "हो हो" म्हणून फोन ठेवला. आई काय, म्हणतच असते.

आता आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो. आमचं प्रॉडक्ट म्हणजे एक हायपरवायझर. एकाच मशिनवर अनेक ऑपरेटिंग सिस्टिम्स चालवायच्या आणि त्यातल्या प्रत्येकीला वाटलं पाहिजे की हे मशिन माझ्या एकटीचंच आहे. ज्यांना ही भानगड माहीत आहे त्यांनी पुढचे चार परिच्छेद खुशाल गाळावेत. बाकीच्यांसाठी माझं आवडतं उदाहरण म्हणजे वाडा. एक मालक, दहा बिऱ्हाडं. प्रत्येक बिऱ्हाडकरू आपल्या दोन खोल्यांत राजा. पण नळाची मुख्य तोटी, विजेचा मीटर, दिंडी दरवाजाची किल्ली मालकाकडे. बिऱ्हाडकरूनं तोटीला हात लावला की मालक धावत येतो, काय हवंय ते बघतो, करून देतो आणि परत जातो. बिऱ्हाडकरूला वाटतं तोटी आपणच फिरवली. हा मालक म्हणजे हायपरवायझर. बिऱ्हाडकरू म्हणजे गेस्ट. आणि मालकाला धावत यावं लागतं त्या घटनेला आमच्याकडे म्हणतात 'व्हीएम एक्झिट'.

ही कल्पना काही नवीन नाही. आयबीएमनं मेनफ्रेमवर हे १९६०च्या दशकातच करून दाखवलं होतं आणि १९७२ साली व्हीएम/३७० नावानं बाजारातही आणलं. १९७४ साली पोपेक आणि गोल्डबर्ग या दोघांनी एका पेपरमध्ये नियम घालून दिला. त्याचा मथितार्थ असा, की मशिनच्या अवस्थेशी खेळणारी प्रत्येक सूचना जर कमी अधिकारात चालवल्यावर बोंब मारत असेल, तर ते मशिन नीट व्हर्च्युअलाइज करता येतं. मालकाला कळलं तरच तो धावत येणार ना!

आपल्या सगळ्यांच्या टेबलावरचा एक्स-८६ प्रोसेसर नेमका या परीक्षेत नापास होता. त्याच्यात 'पॉप-एफ' नावाची एक सूचना आहे. सामान्य प्रोग्रामनं तिच्यातून इंटरप्ट बंद करायचा प्रयत्न केला, तर प्रोसेसर ते करतही नाही आणि तक्रारही करत नाही. गपचूप पुढे जातो. अशा सतरा सूचना निघाल्या. १९९८ साली सुरू झालेल्या व्हीएमवेअरनं यातून वाट काढली ती गेस्टचा कोड चालता चालता भाषांतरित करून. मग २००५ साली इंटेलनं आणि २००६ साली एएमडीनं प्रोसेसरमध्येच सोय केली. फेब्रुवारी २००७ मध्ये लिनक्सच्या २.६.२० आवृत्तीत केव्हीएम आलं आणि हायपरवायझर लिहिणं आमच्यासारख्या साध्या माणसांच्या आवाक्यात आलं.

म्हणजे तसं म्हणायचं. एक्झिट झाली की गेस्टची सगळी अवस्था बाजूला ठेवायची, मालकाची अवस्था परत लावायची, काम करायचं, पुन्हा गेस्टची अवस्था लावायची. हे एका सेकंदात हजारो वेळा. यातला बराच भाग इंटेलचा प्रोसेसर स्वतःच करतो. त्यासाठी 'व्हीएमसीएस' नावाचा एक तक्ता असतो, त्यात मालकाचे रजिस्टर लिहून ठेवायचे, एक्झिट झाली की प्रोसेसर ते उचलून जागच्या जागी लावतो. हे 'बराच भाग' लक्षात ठेवा. 'सगळा' नाही.

असो. तर साफसफाई.

माझ्या वाट्याला आलेली फाइल नऊ हजार ओळींची होती. २०१० साली सुरू झालेली. तेव्हा मी शाळेत होतो! एकच फंक्शन सहाशे ओळींचं. आणि कॉमेंट्स... काय सांगू. आमच्या घरी बोर्नव्हिटाच्या डब्यात साबुदाणा असतो आणि 'साखर' लिहिलेल्या डब्यात रवा. आईला सगळं पाठ आहे म्हणून तिचं अडत नाही. पण मी चहा करायला गेलो की रव्याचा चहा होतो. त्या फाइलचंही तसंच होतं. वर लिहिलंय 'इथे लॉक घेतला आहे', खाली लॉकचा पत्ता नाही. कुठे 'तात्पुरतं, पुढच्या रिलीजमध्ये काढणे' असं २०११ साली लिहिलेलं. कुठे शंभर ओळींचा जुना कोड कॉमेंटमध्ये गाडून टाकलेला, म्हणजे आजोबांचा कोट कधी लागेल म्हणून ठेवतात तसा. आणि 'आय प्लस प्लस'च्या शेजारी लिहिलंय, 'आय एकनं वाढवा'. धन्यवाद!!

सुरुवातीचे दोन आठवडे मजा आली. खरंच. रिफॅक्टरिंगची व्याख्याच अशी आहे की, बाहेरून दिसणारं वागणं न बदलता आतली रचना सुधारायची. विल्यम ओपडाइकनं १९९२ साली यावर पीएचडी केली आणि १९९९ साली मार्टिन फाउलरच्या पुस्तकानं हा शब्द घरोघरी पोचवला (घरोघरी म्हणजे आमच्यासारख्यांच्या). मोठ्या फंक्शनचे लहान तुकडे करायचे, त्यांना शहाण्यासारखी नावं द्यायची, नाव नीट दिलं की अर्ध्या कॉमेंट्सची गरजच संपते. रोज संध्याकाळी डिफ बघायचो, लाल ओळी जास्त, हिरव्या कमी. सोसायटीच्या गच्चीवरचं भंगार काढल्यासारखं हलकं वाटायचं. आणि प्रत्येक पॅचच्या मथळ्याखाली मी ठसक्यात लिहायचो, 'नो फंक्शनल चेंज'. वागण्यात काही बदल नाही.

चौथ्या आठवड्यात ती ओळ सापडली.

खरं तर दोन ओळी. एक्झिटनंतर लगेच कोणीतरी एका तक्त्यातला आकडा ११ होता तो ९ करत होतं आणि मग 'एलटीआर' नावाची सूचना चालवत होतं. ही सूचना टास्क रजिस्टर भरते. हे रजिस्टर 'टीएसएस' नावाच्या एका जागेकडे बोट दाखवतं. ११ म्हणजे 'वापरात', ९ म्हणजे 'मोकळं'. वापरात असलेला टीएसएस पुन्हा भरायला गेलं की प्रोसेसर चिडतो, म्हणून आधी खोटंच सांगायचं की मोकळा आहे आणि मग भरायचा. दिसायला तर शुद्ध जुगाड. वर कॉमेंट इंग्रजीत होती, तिचा अर्थ एवढाच: काढू नका, लागते.

का लागते? कुणाला लागते? काही नाही. गिटमध्ये कोणाची ओळ आहे म्हणून बघितलं तर जुन्या सिस्टिममधून गिटमध्ये सगळा कोड एकदम आणला त्या दिवसाची नोंद. म्हणजे नऊ हजार ओळींचा बाप एकच.

मग मी इंटेलचं मॅन्युअल उघडलं. (हे मी अभिमानानं सांगायचो. किती जण उघडतात?) त्यात स्वच्छ लिहिलंय, एक्झिट झाली की टास्क रजिस्टरचा सिलेक्टर आणि बेस पत्ता प्रोसेसर व्हीएमसीएसमधून स्वतः परत लावतो. बघा! म्हणजे हार्डवेअर जे करतंच आहे तेच आपण पुन्हा करतोय. आणि एलटीआर ही सूचना महागडी. ती आली की प्रोसेसर हातातली सगळी कामं संपेपर्यंत थांबतो. प्रत्येक एक्झिटला ही शिक्षा. कशासाठी? तर कुणीतरी कधीतरी घाबरून लिहून ठेवलं म्हणून.

मी दोन्ही ओळी काढल्या. कॉमेंट काढली. पॅच पाठवला. खाली लिहिलं, 'अनावश्यक रीलोड काढला. नो फंक्शनल चेंज.' सगळ्या टेस्ट पास झाल्या. एक्झिटचा वेळ थोडा पण मोजता येईल इतका कमी झाला. डिसेंबरच्या मीटिंगमध्ये मॅनेजरनं माझा आलेख पडद्यावर लावला आणि म्हणाले, "धिस इज हाऊ क्लीनअप शुड बी डन." मी मान खाली घालून हसलो. मान खाली घातली की नम्र वाटतं ना.

फेब्रुवारीत रिलीज गेलं. मार्चमध्ये तक्रार आली.

एक कारखाना. त्यांच्या होस्टवर आमचे दोन गेस्ट चालायचे आणि त्याशिवाय थेट होस्टवरच त्यांचा एक जुना प्रोग्राम होता. मशिनमध्ये बसवलेल्या एका जुन्या कार्डाशी तो आय-ओ पोर्टमधून बोलायचा. नवीन रिलीज टाकल्यापासून तो प्रोग्राम मरायला लागला. रीबूट केलं की चालतो. थोड्या वेळानं पुन्हा मरतो. कधी चालतो, कधी नाही. तो मेला की त्यांची लाइन थांबते आणि शिफ्टमधली माणसं हात बांधून उभी राहतात.

आमचं पहिलं उत्तर काय असेल? "तुमचा प्रोग्राम जुना आहे. तो सेगफॉल्ट होतोय, आमचं प्रॉडक्ट नाही." ते मेल मीच ड्राफ्ट केलं होतं. व्याकरण उत्तम होतं.

त्यांच्या तिथला माणूस मात्र चिवट निघाला. त्यानं आठवडाभर नोंदी ठेवल्या आणि कळवलं की, ज्या कोअरवर गेस्ट चालतात त्याच कोअरवर प्रोग्राम गेला की मरतो. इतर कोअरवर ठणठणीत.

कोअर म्हटल्यावर सगळ्यांच्या माना एकीकडे वळल्या. आमच्या टीममध्ये एक ज्युनियर मुलगी आहे, जेमतेम वर्ष झालंय लागून. गेस्ट कुठल्या कोअरवर चालवायचे हा तिचा पॅच, त्याच रिलीजमधला. तिचं पहिलं मोठं काम. आणि अप्रेझलचा महिना. लीडनं कॉलवर शांतपणे विचारलं, "तू हे पोर्टवाल्या प्रोग्रामसोबत टेस्ट केलं होतंस का?" ती म्हणाली, "नाही सर. माहीतच नव्हतं असं काही असतं." तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

आता खरं सांगतो. सांगायचं नव्हतं, पण मग हे सगळं लिहिण्यात अर्थ नाही.

'आय-ओ पोर्ट' हा शब्द ऐकला त्या क्षणी माझ्या पोटात काहीतरी हललं. कारण टीएसएसमध्ये काय असतं हे मी कॉलेजात वाचलेलं होतं. साध्या प्रोग्रामला कुठल्या पोर्टला हात लावायची परवानगी आहे याचा नकाशा टीएसएसच्या शेपटीला असतो. ६५,५३६ पोर्ट, प्रत्येकाला एक बिट, म्हणजे ८ केबीचा नकाशा. आणि मी टीएसएसच्याच दोन ओळी काढल्या होत्या.

कॉल साडेअकराला झाला. मी बोललो ते संध्याकाळी साडेसहाला.

मधले सात तास काय केलं? स्वतःला सांगत राहिलो की अजून खात्री नाही. आधी खात्री करू, उगाच गोंधळ नको. हे ऐकायला किती जबाबदार वाटतं! ती बिचारी तिकडे तिचा पॅच ओळ न् ओळ तपासत होती. दुपारी पॅन्ट्रीत भेटली. म्हणाली, "मी सगळं रिव्हर्ट करून बघतेय, तरी मरतोय. मी काय चुकतेय कळत नाही." मी म्हणालो, "सापडेल." आणि चहा घेऊन निघून आलो. तो चहा मला अजून आठवतो. बेचव होता असं नाही. चांगला होता. म्हणूनच आठवतो.

जागेवर येऊन बारा ओळींचा एक प्रोग्राम लिहिला. परवानगी माग, एक पोर्ट वाच, बाहेर पड. एका कोअरला बांधला. चालला. मग त्याच कोअरवर गेस्ट सुरू केला, बंद केला, आणि प्रोग्राम पुन्हा चालवला. मेला. मग गिट बायसेक्ट. रिलीजमध्ये सातशेच्या आसपास कमिट होते. निम्मे करत जायचं, दहा फेऱ्यांत सापडतं. प्रत्येक फेरीला बिल्ड, रीबूट, चाचणी. आठव्या फेरीला मला उत्तर माहीत होतं, तरी दहावी केली. स्क्रीनवर शेवटी तेच आलं. माझं नाव. आणि खाली माझ्याच अक्षरात, म्हणजे माझ्याच टाइपिंगमध्ये: नो फंक्शनल चेंज.

मॅन्युअल पुन्हा उघडलं. त्याच विभागात, मी वाचणं थांबवलं होतं तिथून थोडंसंच पुढे लिहिलेलं होतं. एक्झिटच्या वेळी प्रोसेसर टास्क रजिस्टरचा सिलेक्टर परत लावतो, बेस परत लावतो, पण लिमिट मात्र परत लावत नाही. ती तो एका ठरावीक आकड्यावर नेऊन ठेवतो. १०३. मूळ टीएसएस १०४ बाइटचा, शून्यापासून मोजलं की शेवटचा बाइट १०३ वा. नकाशा त्याच्या पुढे. म्हणजे घर परत मिळालं, पण कुंपण आत सरकलेलं आणि परसदार कुंपणाबाहेर. प्रोसेसरच्या दृष्टीनं नकाशा नाहीच, म्हणजे परवानगीही नाही. प्रोग्राम पोर्टला हात लावतो आणि मरतो. लिनक्स हे रजिस्टर कोअर सुरू होताना एकदाच भरतं, म्हणून एकदा गेस्ट चालून गेला की तो कोअर रीबूटपर्यंत तसाच. बाकी कशावरच परिणाम नाही. आमच्या एकाही टेस्टमध्ये पोर्ट वापरणारा प्रोग्राम नव्हता, मग त्या पास होणारच.

ती 'अनावश्यक' एलटीआर ही लिमिट परत लावत होती.

साडेसहाला टीमच्या चॅटवर लिहिलं, 'कारण सापडलं. माझा डिसेंबरचा पॅच. तिच्या पॅचचा संबंध नाही.' मग तिच्या जागेवर गेलो आणि तिला सांगितलं की मला साडेअकरापासून संशय होता. हे सांगायची तशी गरज नव्हती. कुणाला कळलंही नसतं. पण चॅटवर नुसतं 'सापडलं' लिहिल्यावर मी हिरोच ठरणार होतो. चूक शोधून काढली म्हणून शाबासकी मिळण्याची पूर्ण शक्यता होती, आमच्याकडे तसं होतं.

ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "दुपारी सांगितलं असतंत तर मी जेवले तरी असते."

यावर काय बोलणार. पॉप-एफसारखाच वागलो होतो मी. केलंही नाही, बोंबही मारली नाही.

त्या रात्रीच दोन्ही ओळी परत घातल्या, कारखान्याला हॉटफिक्स गेला आणि सोबत माझं माफीचं मेल. पण ती जुनी कॉमेंट परत घालताना हात अडखळला. 'काढू नका, लागते' असं मी पुन्हा कसं लिहू? आणि मुळात हे लिहिलं कुणी?

लीड म्हणाले, "काकांना विचार. तो भाग त्यांचा होता."

काका म्हणजे आमच्या टीममधले सगळ्यात जुने. नातं काही नाही, पण सगळे काकाच म्हणायचे. २०२३ मध्ये कंपनीत पुनर्रचना झाली. एका सकाळी पंधरा मिनिटांची मीटिंग लागली आणि दुपारपर्यंत लॅपटॉप जमा. आता कराडजवळ गावी असतात, आईजवळ. माझ्याकडे त्यांचा नंबर होता, पण त्या दिवसानंतर मी एकदाही फोन केला नव्हता. काय बोलायचं ते कळलं नाही म्हणून नाही केला, मग नाही केला म्हणून लाज वाटली, आणि मग दोन वर्षं गेली.

रविवारी सकाळी केला.

"काका, मी बोलतोय. एक विचारायचं होतं. एक्झिटनंतर ती एलटीआर..."

पलीकडे दोन सेकंद शांतता. मग एकदम हसू.

"काढलीस का?"

"हो."

"काय मेलं?"

"पोर्टवाला प्रोग्राम."

"माझ्या वेळी पण तोच मेला होता," काका म्हणाले. आणि मग त्यांनी सांगितलं. २०१० साल. प्रॉडक्टचा पहिला डेमो दुसऱ्या दिवशी. असाच एक प्रोग्राम मरत होता. तीन रात्री जागून एकेक रजिस्टर हातानं परत भरून बघत होते. टास्क रजिस्टर भरल्यावर मरायचं थांबलं. "का थांबलं ते मला तेव्हा माहीत नव्हतं रे. पहाटेचे चार वाजलेले. डेमो दहाला. लिहिलं, काढू नका, लागते. जेवढं माहीत होतं तेवढं लिहिलं."

"मग नंतर?"

"नंतर दोन-एक वर्षांनी मॅन्युअल वाचताना कळलं. १०३. तेव्हा वाटलं होतं, कॉमेंट नीट करावी. पण नुसत्या कॉमेंटसाठी पॅच पाठवायचा म्हणजे... रिव्ह्यूत कुणीतरी विचारणार, मग दोन वर्षं काय माहिती नसताना चालवत होता? मोठ्या टीममध्ये बसलेलो. राहू दे म्हटलं. राहिलं ते राहिलंच."

मी काहीच बोललो नाही. मी सात तास गप्प बसलो होतो, काका दहा वर्षांहून जास्त. फरक फक्त आकड्याचा.

फोन ठेवल्यावर मला युनिक्सची ती प्रसिद्ध कॉमेंट आठवली. १९७५ सालची सहावी आवृत्ती, एका प्रोसेसवरून दुसऱ्या प्रोसेसवर उडी मारणारा कोड, आणि शेजारी लिहिलेलं की तुम्हाला हे समजणं अपेक्षित नाही. आमच्या कॉलेजात हे टी-शर्टवर छापून मिरवायचे. केवढा माज, असं वाटायचं. पण डेनिस रिचीनं पुढे खुलासा केला होता, की त्यात कुणाला हिणवायचं नव्हतं, 'हे परीक्षेला येणार नाही' एवढ्याच अर्थानं लिहिलं होतं. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे, खरी अडचण ही होती की काय चाललंय ते आम्हालाही नीट समजलं नव्हतं. ती पद्धतच चुकीची होती, त्या वेळच्या मशिनवर आणि कंपायलरवर नशिबानं चालत होती. युनिक्स लिहिणारा माणूस हे मोकळेपणानं सांगतो, आणि आम्ही? असो.

मग कुतूहल म्हणून केव्हीएममध्ये याच जागी काय आहे ते बघितलं. तिथेही हा रीलोड होता आणि त्याच्यावर एका ओळीची कॉमेंट होती, आशय असा की हार्डवेअर टास्क रजिस्टर परत लावतं पण त्याची साइज नाही लावत, काही उपयोग नाही. चिडून लिहिल्यासारखी, पण कारण सांगणारी. आणि गंमत बघा, २०१७ साली अँडी लुटोमिर्स्की या कर्नल डेव्हलपरलाही तेच खुपलं जे मला खुपलं: ही सूचना महाग आहे, प्रत्येक एक्झिटला कशाला? पण त्यानं ओळ काढली नाही. हलवली. पोर्टची परवानगी घेतलेला प्रोग्राम प्रत्यक्षात चालणार असेल तेव्हाच लिमिट दुरुस्त करायची, एरवी १०३ असली तरी कुणाचं काही बिघडत नाही. लिनक्स ४.११ मध्ये ते आलं. म्हणजे मला हवा असलेला वेग मिळाला असता, आणि कारखानाही थांबला नसता. त्याला ती ओळ काय करते हे माहीत होतं, एवढाच काय तो फरक. आमच्या होस्टचा कर्नल त्याच्याही आधीच्या शाखेवर अडकलेला, म्हणून ही गोष्ट आमच्यापर्यंत पोचलीच नव्हती.

पुढच्या आठवड्यात मी तेच आमच्या कोडमध्ये आणलं. या वेळी कॉमेंट सहा ओळींची. हार्डवेअर काय परत लावतं, काय नाही, १०३ कुठून आला, कोण मरतं, आणि कसं बघायचं. पॅच रिव्ह्यूला कुणाला पाठवायचा हा प्रश्नच नव्हता. त्याच ज्युनियरला पाठवला.

तिनं एकच शेरा मारला: 'कॉमेंट चांगली आहे. पण उद्या अजून कोणी साफसफाई केली तर? टेस्ट कुठे आहे?'

बरोबर होतं. कॉमेंट वाचणाऱ्याच्या भरवशावर असते, टेस्ट नसते. माझा बारा ओळींचा प्रोग्राम तिनं घेतला, नीट केला, आणि रोज रात्रीच्या टेस्टमध्ये टाकला. गेस्ट चालवा, बंद करा, पोर्ट वाचा. आता ती ओळ कुणी काढली तर दुसऱ्या दिवशी सकाळी लाल दिवा लागेल, काकांना फोन करावा लागणार नाही. कॉमेंटच्या शेवटी त्या टेस्टचं नाव आहे. पॅचच्या खाली आता मी 'नो फंक्शनल चेंज' सहसा लिहीत नाही. 'मला माहीत असलेल्या वागण्यात बदल नाही' असं लिहायला पाहिजे, पण मॅनेजर चिडतील. :-)

काकांना मात्र तरीही फोन केला. आता दर दोन-तीन रविवारी करतो. कोडबद्दल फारसं बोलत नाही. त्यांच्या शेतात या वर्षी हळद आहे. तो पॅच त्यांना दाखवता येत नाही, कंपनीचा कोड आहे, पण कॉमेंट मी त्यांना फोनवर वाचून दाखवली. सहाच्या सहा ओळी. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "चांगली आहे. फक्त चौथी ओळ लांब झालीय, ऐंशी अक्षरांत बसव."

मोजून बघितलं. त्र्याऐंशी होती!